दाढेमागचं विरजण

शालनकाकीच्या तोंडी लागायची अख्ख्या जयसिंगपुरात कुणाची छाती नव्हती. आणि आता त्याच तोंडात मुंग्या सोडायच्या म्हणून तिची सून हटून बसली होती.

मुंग्या म्हणजे खऱ्या मुंग्या नव्हेत. कंपनीनं त्या यंत्राला भलंमोठं नाव दिलं होतं, पण ते म्हणता म्हणता जिभेला गाठ पडायची, म्हणून घरोघरी त्याचं 'मुंग्या' झालं. दिसायला घोड्याच्या नालासारखं, रबराचं. तोंडात धरून दातांवर बसवायचं. आत काजळासारखी लोखंडाची भुकटी, एकेक कण पिठाच्या कणाहून बारीक. नालातली चुंबकं चालू झाली की हे कण एकमेकांचा हात धरून उभे राहत. कधी ब्रशाचे केस होत, कधी दोरा होऊन दोन दातांच्या फटीत शिरत. खालच्या दातांची आतली बाजू, शेवटच्या दाढेची पाठ, जिथं माणसाचा ब्रश जन्मात पोचत नाही तिथं जाऊन चिकट थर खरवडत, फेस काढून जंतू मारत, आणि खरवडलेलं सगळं उचलून रांगेनं माघारी येत. रांगेनं येतात म्हणून मुंग्या.

"तोंडातला घास द्यायचा असेल तर आधी मुंग्या लावायच्या," सानिका म्हणाली. "नाहीतर नाही, आई. मी रेवाला हात लावू देणार नाही."

रेवा म्हणजे काकीची नात. खालच्या हिरडीत नुकताच एक दात तांदळाच्या कणीएवढा दिसायला लागला होता आणि उष्टावण ठरलं होतं. चौगुल्यांच्या घरची रीत अशी, की मामानं चांदीच्या वाटीतली खीर चाटवली की मागोमाग आजीनं दुधात कुस्करलेली भाकरी स्वतः चावून तो मऊ घास लेकराच्या तोंडात द्यायचा. आजीचा घास पडला म्हणजे लेकरू घरचं झालं. तोवर ते पाहुणं.

"माझ्या तोंडाला काय झालंय?" काकी म्हणाली. "बत्तीशी शाबूत हाय माझी. मिसरी लावती रोज. तुमच्या पुण्याच्या बायका चाळिशीत कवळी घालत्यात, त्यांच्या तोंडात सोड म्हणावं तुझ्या मुंग्या."

"मग घाबरताय कशाला?"

ही सून शिकलेली होती, पण मूर्ख नव्हती. कुठं टोचलं की सासू उठते हे तिला बरोबर ठाऊक. काकीनं हात पुढं केला.

"आण इकडं. आन निघालं न्हाई काय, तर तुझ्या आईसमोर कबूल करायचं."

नाल तोंडात बसला. गुणगुण सुरू झाली. एरवी चहा निवायच्या आत होणारं काम, पण मुंग्या काही बाहेर येईनात. सानिका फोनच्या पडद्याकडं बघत बसली. संग्राम, काकीचा एकुलता लेक, दारात उभा राहून उगाच नखं बघत होता. अखेर मुंग्या आल्या तेव्हा पडद्यावर तांबडी रेघ उमटली: पाठवल्या त्याहून जास्त परत आल्या. काकीची मिसरी लोखंडी तव्यावर भाजलेली, आणि जन्म गेलेला चटणी कुटायच्या डंकावर, लोखंडी उखळांच्या धुरळ्यात. इतकी वर्षं दाढांमागं जमलेलं लोखंड चुंबकाला चिकटून बाहेर आलं होतं.

"बघ," काकी तोंड पुसत म्हणाली. "तुझ्या मुंग्यांना माझ्या तोंडात सोयरे भेटले."

संग्राम हसला. सानिका हसली नाही. ती पडद्यावरचं पुढचं वाचत होती.

*

नुसती घासाघीस करून थांबलं असतं तर ते यंत्र कुणाच्या घरात भांडण लावायला गेलं नसतं. पण मुंग्या जे आणत ते यंत्र वाचायचं.

बाळाच्या तोंडात दात नसतात तोवर दात किडवणाऱ्या जंतूला बसायला जागा नसते. त्याला टणक बैठक लागते. पहिला दात फुटला की दार उघडलं. मग ज्या कुणाची लाळ आधी आणि वरचेवर त्या तोंडात जाईल, उष्ट्या घासातून, चमच्यातून, मुक्यातून, त्याचा जंतू तिथं घर करतो. एकदा बसला की सहसा हलत नाही. आणि प्रत्येकाच्या जंतूची जात थोडी वेगळी, त्याच्यावर खुणा वेगळ्या. म्हणून शेवटच्या दाढेमागचा थर वाचला, की लहानपणी तुम्ही कुणाचं उष्टं खाल्लंत ते कळतं. जन्माचा दाखला कुणाच्या पोटचा ते सांगतो. हे यंत्र कुणाच्या तोंडचा ते सांगायचं.

सगळे जंतू वाईट नसतात. काही गोड खाल्लं की भसाभस आंबट रस सोडतात आणि दात पोखरतात. काही मवाळ असतात, नुसते जागा अडवून बसतात, वाईटाला शिरू देत नाहीत. तेव्हा शहाण्या लोकांनी युक्ती काढली. बाळाचा पहिला दात फुटताच घरातल्या कुणाचा तरी मवाळ जंतू निवडायचा, त्याच यंत्राच्या छोट्या कप्प्यात वेगळा काढायचा, आणि त्याचा थेंब बाळाच्या हिरडीवर सोडायचा. कंपनीचे लोक त्याला काहीही म्हणोत, बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, विरजण.

काकीला एवढं सगळं समजावून सांगताना सानिकाला वाटलं होतं घसा कोरडा पडेल. पण काकीला ते एका दमात कळलं. दुधाचं भांडं नुसतं ठेवलं तर नासतं, चांगलं विरजण लावलं तर दही होतं. ह्यात शिकण्यासारखं काय आहे?

"मग लाव की माझं," ती म्हणाली.

"तुमचं आंबट निघालंय, आई."

काकीच्या हातातली सुपारी हातातच राहिली. तिच्या घरात आंबट दही पानात वाढायची कुणाची हिंमत नव्हती.

"काय निघालंय?"

"यंत्र म्हणतं, फार आंबट. शेवटच्या दाढेला मागून पोकळीसुद्धा आहे. पुढून दिसत नाही. तुमचे दात टिकले ते तुम्ही कधी गोडाला तोंड लावलं नाहीत म्हणून." सानिकाचा आवाज जपून होता, आणि जपलेला आवाज काकीला शिवीपेक्षा जास्त लागतो. "माझं आणि संग्रामचं चालणार नाही. आम्ही तीन वर्षं रोज मुंग्या लावतोय, आमची तोंडं धुतलेली आहेत. आत काही उरलंच नाही. म्हणून माझ्या आईचं घ्यायचं ठरवलंय. ती मुंग्या लावत नाही, तेलाच्या गुळण्या करते. तिचं बऱ्यापैकी मवाळ आहे."

म्हणजे विहीणबाईंची थुंकी. चौगुल्यांच्या नातीच्या दातांत, जन्मभर.

"संग्रामला एक दात किडलेला न्हाई आजवर," काकी म्हणाली. "त्याच्या तोंडात माझंच हुतं. मग ते कसं आंबट?"

सानिकानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं खिडकीकडं.

"संग्रामनं पहिल्यांदा मुंग्या लावल्या तेव्हाची नोंद आहे," ती म्हणाली. "एवढं मवाळ विरजण या भागात क्वचित सापडतं. ते मिळालं असतं तर मी माझ्या आईचं नावही काढलं नसतं. पण ते तुमचं नाही, आई. एका खुणेनंसुद्धा जुळत नाही. त्याला लहानपणी भरवलं कुणी?"

संग्रामनं पाळण्याला उगाच झोका दिला.

"मला आठवत नाही," संग्राम म्हणाला.

त्याला आठवत नसेल. काकीला आठवत होतं.

*

डंकाच्या मागच्या अंगाला एक भिंत आहे. तिच्या पलीकडं काकीची थोरली जाऊ विमल राहते. वाटणी जागेवरून झाली असं गाव समजतं, आणि काकीनं गावाला तसंच समजू दिलं.

संग्राम जन्मला तेव्हा डंक नवा होता. मिरचीच्या हंगामात पहाटेपासून पोत्यावर पोती कुटायची. चटणीचा हात लेकराला लावता येत नाही. डोळ्याला लागला तर लेकरू निळं होईस्तवर रडतं. साबणानं धुवा, लिंबानं धुवा, नखांत ती राहतेच. विमलला मूलबाळ नव्हतं आणि तिचे हात थंड होते. ती भाकरी चावायची आणि संग्रामला भरवायची. काकी डंकाच्या दारातून बघायची आणि कुटायची. धंदा उभा राहिला तो तिच्या दंडावर.

मग एकदा तीन वर्षांचा संग्राम गिऱ्हाइकांसमोर विमलला 'आई' म्हणाला. आणि आईला म्हणाला 'काकी'. त्या आठवड्यात गवंडी आला. पोराला सांगून सांगून तिनं त्याची जीभ सरळ केली. गल्लीच्या जिभेवर मात्र 'काकी' हेच नाव चिकटलं, तिथं तिचा इलाज चालला नाही.

भिंत घातली त्याचा पस्तावा काकीला कधी झाला नव्हता आणि आजही होत नव्हता. तिला राग येत होता तो भिंत कमी पडल्याचा. विटा दोन पुरुष उंच रचल्या, आणि ही बया बसली होती पोराच्या दाढेमागं.

तिनं दोन्ही पारडी तोलून बघितली. एका बाजूला विहीण. चांगली बाई. गोड बोलायची, फोनवर 'शालनताई' म्हणायची, आणि गेल्या दिवाळीत काकीची चटणी चाखून म्हणाली होती, "छान आहे, थोडी तिखट आहे." दुसऱ्या बाजूला विमल. वैरीण, पण चौगुल्यांची वैरीण. लग्न करून ह्याच उंबऱ्यात आलेली, ह्याच तव्यावरची मिसरी लावलेली. विहिणीचं विरजण लागलं तर नात पुण्याची झाली. विमलचं लागलं तर निदान घरातलं भांडण घरात राहतं.

काकीनं पदर खोचला, आणि वळसा घालून पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली.

विमल बशीतून चहा पीत होती. तिनं मान वर केली.

"कोण मेलं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

काकीपुढं नवाच पेच पडला. थोरल्या जावेला 'तुम्ही' म्हणायची रीत. भिंत घातल्यापासून ती रीत काकीनं टाकली होती, आणि बोलणंच नसल्यामुळं 'तू' म्हणायची वेळ आली नव्हती. तिनं दोन्ही टाळलं.

"विरजण पाहिजे हुतं."

"एवढ्या मोठ्या घरात विरजण न्हाई व्हय?"

"दह्याचं न्हवं. तोंडातलं."

विमलनं बशी खाली ठेवली. काकीनं उभ्याउभ्याच सांगितलं, मुंग्यांचं, संग्रामच्या खुणांचं, नातीच्या दाताचं. जमेल तेवढं थोडक्यात, जणू गिऱ्हाईक दुकान बंद करताना आलंय. विमल ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा काही पसरत गेला, की काकीला वाटलं उठून निघून जावं.

"म्हणजे एवढी वर्सं तुझ्या पोराच्या तोंडात मी हुते."

"आता न्हाई. धुतलं सगळं."

"आन माझ्याच दारात आलीस." विमलनं तोंड उघडून दाखवलं. लाल हिरड्या, आणि उजवीकडं आत एकटी उभी दाढ. "एकच ऱ्हायलीय. बाकीच्या किडल्या न्हाईत, हिरड्यांनी सोडल्या."

"एक पुरती म्हणं."

"आन तुझं काय निघालं?"

काकीला खोटं बोलता आलं असतं. पण विमलच्या कानावर ते संग्रामकडून गेलंच असतं. तो मऊ होता.

"आंबट म्हणत्यात."

"त्याला मशीन कशाला लागतंय?" विमल म्हणाली. "मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

काकी गिळून गेली. गिळायची सवय नसल्यामुळं घशाला लागलं.

"देणार का न्हाई, तेवढं बोल." आणि असं 'तू' वर आल्यामुळं तिला जरा बरं वाटलं.

"देते. पण भिंतीवरनं न्हाई द्यायची. उष्टावणाला येईन, पुढल्या दारानं. ते रबर मी माझ्या हातानं लावीन, थेंब माझ्या मुठीत असंल. आन चार माणसात तुझ्या तोंडानं सांगायचं, विरजण कुणाचं, आन संग्रामला घास कुणी भरवला. मग मूठ उघडीन."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर तुझी विहीण हाय की. तेलाच्या गुळण्यावाली."

*

उष्टावणाला बायकांनी माजघर भरलं. रेवा पाटावर बसलेल्या मामाच्या मांडीवर, गळ्यात सोन्याचा ताईत आणि हनुवटीवर लाळ. विहीणबाई, म्हणजे वृषालीताई, पुण्याहून आल्या होत्या, भेटेल त्याला दोन्ही हातांनी नमस्कार करत होत्या. विमल आली ती पुढच्या दारानं, इस्त्रीचं लुगडं नेसून. भिंतीपलीकडची बाई आत आलेली बघून गल्लीतल्या बायकांची कुजबुज एकदम थांबली. थांबते तेव्हाच जास्त ऐकू येते.

सानिकानं तिला मुंग्यांचा नाल दिला. विमलनं तो एकट्या दाढेवर बसवला, मुंग्या गेल्या आणि आल्या, यंत्रानं हिरवा दिवा लावला. एवढा गडद हिरवा सानिकानं कधी पाहिला नव्हता. ती दिव्याकडं बघत राहिली. विमलनं छोटा कप्पा काढून मुठीत धरला आणि खुर्चीवर टेकून बसली.

"म्हणजे माझं घ्यायचं नाही?" वृषालीताईंनी विचारलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, म्हणून काकीला त्यांचा जास्त राग आला. "मग कुणाचं आहे, शालनताई?"

"घरातलंच हाय," काकी म्हणाली.

विमलची मूठ मिटलेलीच राहिली.

"घरातलं म्हणजे?"

"म्हणजे चौगुल्यांचं. आता लावा, येळ जातोय."

विमलनं शांतपणे पिशवीची चेन उघडली आणि मूठ पिशवीत घालू लागली. संग्राम भिंतीला टेकून उभा होता. वृषालीताई पुढं सरकल्या.

"काही अडचण असेल तर मी आहेच की. सकाळीच गुळण्या करून आलेय."

काकीनं पाटाकडं बघितलं. रेवा तोंडात मूठ घालून चावत होती, त्या एका दातानं. कुणाचीही मूठ दिली असती तरी चावली असती.

"माझ्या थोरल्या जावेचं हाय," काकी म्हणाली. डंक चालू असताना ओरडावं लागतं, तोच तिचा आवाज लागला. "संग्राम लहान हुता तवा माझ्या हातांना चटणी असायची. हिनं भाकरी चावून घास भरवला त्याला. मी न्हाई. त्याचा दात किडला न्हाई तो हिच्यामुळं."

गल्लीतली एक बाई दुसरीकडं बघत होती. संग्राम भिंतीपासून सरळ उभा राहिला. आईच्या तोंडून असलं वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"आन म्हणूनच असा मऊ निघालाय," काकी तशीच पुढं म्हणाली. "कुणीबी काय म्हटलं की मान हलवतोय. घास माझा असता तर जरा तरी ताठ झाला असता."

विमलनं मूठ उघडली.

"मऊ हाय म्हणून तुझ्या घरात टिकला," ती म्हणाली.

थेंब रेवाच्या हिरडीवर पडला. तिनं तोंड वाकडं केलं, मग जिभेनं चाचपून बघितलं, आणि आणखी पाहिजे म्हणून तोंड उघडलं. मामानं खीर चाटवली. बायकांनी एकदम बोलायला सुरुवात केली. दुधात कुस्करलेली भाकरी ताटलीत तशीच होती. काकीनं ती उचलून स्वयंपाकघरात नेली आणि उभ्याउभ्या स्वतः खाल्ली. चावायला फार वेळ लागला.

ती बाहेर आली तेव्हा सानिका विमलला सांगत होती, "मग उद्या परत या हं."

"कशाला?" काकीनं विचारलं.

"एकदा लावून भागत नाही, आई. एकेक दात येतो तशी नवी जागा होते. प्रत्येक दाताला ताजं लागतं. डबीत ठेवलं की मरतं, त्यामुळं रोज त्याच तोंडातून काढावं लागतं. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि काकी तेव्हा विहिणीचा विचार करत असेल.

"कवर?"

"शेवटची दुधाची दाढ येईपर्यंत. दोन-अडीच वर्षांची होईपर्यंत म्हणा."

काकीनं नातीच्या तोंडात बघितलं. एक दात, आणि बाकी सगळी हिरडी मोकळी, गुलाबी, वाट बघत पडलेली.

विमल दारात चपला घालत होती. सावकाश घालत होती.

"उद्या कवा येऊ?"

"सकाळी डंक असतोय. दुपारी."

"दुपारी मी झोपती. सकाळीच येईन."

"मागल्या दारानं ये."

"पुढल्या."

"चपला भायेर काढायच्या. काम झालं की जायचं, बसायचं न्हाई."

"बसणार," विमल म्हणाली. "चहा घेतल्याबिगर मी तोंड उघडत न्हाई."

काकीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बिनसाखरेचा मिळंल," ती म्हणाली. "ती दाढ आता माझ्या कामाची हाय."